समुपदेशकाच्या खोलीतले बोलणे कोणाचे?

मालवण (प्रतिनिधी) : कोकणात गाऱ्हाणे घालण्याची रीत उघड्यावरची. देवळात गावकऱ्यांदेखत अडचण मांडली जाते आणि जमलेले सारे 'व्हय म्हाराजा' म्हणून तिला साथ देतात. मानसोपचाराची रीत याच्या नेमकी उलट. तेथे बंद दाराआड, अनोळखी माणसासमोर बोलायचे असते आणि ते दाराबाहेर जाणार नाही या भरवशावर बोलायचे असते. मात्र मालवणसारख्या गावात अनोळखी माणूस मिळणेच कठीण! समुपदेशक कोणाचा तरी भाचा निघतो, त्याच्या दारात उभी असलेली दुचाकी कोणाची हे रस्त्याने जाणाऱ्याला न विचारता कळते आणि बंदरावरच्या मासळीच्या लिलावात दोघे एकमेकांशेजारी उभे राहतात. ओळख लागू नये म्हणून ओरोसचे जिल्हा रुग्णालय टाळून थेट गोव्यात बांबोळीला जाणे अनेकांना सोयीचे वाटते ते यामुळेच. गोपनीयतेबाबत कायदा काय सांगतो, हे म्हणूनच येथे नीट समजून घ्यायला हवे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम २३ नुसार आजार, उपचार आणि शारीरिक व मानसिक स्थिती यांविषयीची माहिती गुप्त ठेवली जाणे हा रुग्णाचा हक्क असून ती गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. या कर्तव्याला अपवाद आहेत. उपचारात सहभागी अन्य व्यावसायिकांना, तसेच रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला माहिती देता येते. कोणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याची शक्यता असेल, सक्षम प्राधिकरणाचा वा न्यायालयाचा आदेश असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तर तोंड उघडता येते. परंतु धोका टाळण्यासाठी लागेल तेवढीच माहिती द्यायची, सारी कहाणी नव्हे.

या यादीत 'घरची माणसे' असा सरसकट अपवाद नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा दूरध्वनी करतो आणि आई तुमच्याकडे येऊन काय बोलली, असे विचारतो. त्याची काळजी खरी असते, फीही कदाचित तोच भरत असतो. तरीही सज्ञान आईने त्याला प्रतिनिधी नेमलेले नसेल, तर तिची संमती घेतल्यावाचून उत्तर देता येत नाही. समुपदेशकाला हे तोंडावर सांगणे जड जाते, कारण विचारणारा बहुधा ओळखीचाच असतो.

दुसऱ्याला इजा होण्याचा अपवाद जगभर गाजला तो अमेरिकेतील तारासॉफ खटल्यामुळे. एका विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाजवळ एका तरुणीला ठार मारण्याचा इरादा बोलून दाखवला होता. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, पण त्या तरुणीला कोणी सावध केले नाही आणि १९६९ मध्ये तिचा खून झाला. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणाची जबाबदारीही उपचारकावर येते, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला.

आपल्याकडे वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला साक्षीपुराव्याच्या कायद्याने जे संरक्षण दिले आहे, ते मानसोपचारकाला दिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही स्थिती कायम राहिली. न्यायालयाने आदेश दिल्यास समुपदेशकाला साक्ष द्यावी लागते. दूरध्वनीवरून कोणी केलेली विचारणा म्हणजे मात्र आदेश नव्हे.

सर्वांत अवघड पेच मुलांच्या बाबतीत उद्भवतो. 'पॉक्सो' कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड होऊ शकतो. यातून समुपदेशकालाही सूट नाही. सोळा वर्षांची मुलगी आपल्या प्रेमसंबंधाविषयी विश्वासाने बोलली, तरी शरीरसंबंधाचा उल्लेख होताच हे कलम लागू होते. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलीने काही सांगण्याआधी, कोणती गोष्ट आपल्याला गुप्त ठेवता येणार नाही हे तिला स्पष्ट सांगणे हाच प्रामाणिकपणाचा मार्ग ठरतो. ते आधी न सांगता नंतर पोलिसांत जाणे कायद्याला धरून असेल, पण मुलीच्या दृष्टीने तो विश्वासघातच.

मृत्यूनंतर गोपनीयता संपते का, हा प्रश्न २०२० मध्ये मुंबईत ऐरणीवर आला. अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या निधनानंतर त्यांच्यावर उपचार केलेल्या व्यावसायिकाने त्यांच्या आजाराविषयी माध्यमांकडे निवेदन केले आणि त्यावर मोठा वाद झाला. येथे आम्हा पत्रकारांचीही बाजू लंगडी आहे. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती वा छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास कलम २४ ने मनाई केली आहे. आत्महत्येच्या वार्तांकनासाठी प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली होती. तरीही उच्च न्यायालयाला जानेवारी २०२१ मध्ये याच प्रकरणातील वार्तांकनाबद्दल माध्यमांचे कान उपटावे लागले.

दारावरच्या पाटीकडेही लक्ष हवे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर वैद्यकीय परिषदेला उत्तरदायी असतो. 'समुपदेशक' ही पाटी मात्र काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेलेही वर्षानुवर्षे लावत आले आहेत. समुपदेशकांना नियमांच्या चौकटीत आणणारा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा २०२१ मध्ये झाला. तक्रार कोठे करायची, हे त्या पाटीवरील व्यक्ती कोणत्या नोंदवहीत आहे यावर अवलंबून असते. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

नात्यागोत्यातील व्यक्तीवर उपचार करू नयेत, असा या व्यवसायाचा नीतिसंकेत आहे. शहरात तो पाळणे सोपे, येथे 'मग जायचे कोणाकडे?' हा सवाल उभा राहतो. निदान बाजारात भेट झाल्यास समुपदेशकाने स्वतःहून ओळख दाखवू नये, नावांची वही प्रतीक्षेतील लोकांच्या नजरेस पडेल अशी ठेवू नये आणि स्वागतकक्षातील मदतनिसाकडून गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी, एवढे तर करता येतेच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सरकारी सेवा सुरू झाली आणि अनोळखी माणूस निदान दूरध्वनीवर तरी उपलब्ध झाला. मात्र बोलण्यासाठी घरात एकांत नसेल, तर दूरध्वनी घेऊन माडाच्या बागेत जावे लागते.