समाजकल्याण योजनांची परस्परव्याप्ती

एकाच कुटुंबास अनेक शासकीय साहाय्य योजना एकाच वेळी अथवा एकामागून एक लागू होण्याची स्थिती. अशा योजना निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या गरजांसाठी निर्माण झालेल्या असल्यामुळे प्रत्येकीचे खाते, पात्रतेचे निकष आणि लाभाचा घटक भिन्न असतो. परिणामी काही गरजा दोन योजनांच्या कक्षेत येतात, तर काही कोणत्याच योजनेत बसत नाहीत.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने वैधानिक स्वरूप प्राप्त झाले. अंगमेहनत करण्यास तयार असलेली ग्रामीण प्रौढ व्यक्ती हा तिचा घटक होय. १९७५ मध्ये सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना सहा वर्षांखालील बालके, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी आहे. १९८० ची संजय गांधी निराधार अनुदान योजना विधवा, अपंग इ. निराधारांना मासिक अर्थसाहाय्य देते. शिधापत्रिका मात्र कुटुंबाची असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किग्रॅ. धान्य ठरवून दिले, तर प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किग्रॅ. दिले. साहजिकच प्राधान्य कुटुंबातील मुलीचे नाव विवाहानंतर माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झाले, की सासरच्या शिधापत्रिकेत नोंद होईपर्यंत तिच्या वाट्याचे धान्य कोठेच मिळत नाही.

उत्पन्नाच्या मर्यादांतही एकवाक्यता नाही. ग्रामीण प्राधान्य कुटुंबासाठी ती वार्षिक ४४,००० रु. ठरविण्यात आली, तर निराधार योजनेची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रु. राहिली. त्यामुळे धान्यासाठी गरीब ठरलेली विधवा अनुदानासाठी गरीब ठरतेच असे नाही.

स्थलांतरित कुटुंबांत ही विसंगती विशेष जाणवते. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार साधारणपणे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात त्यांची शिधापत्रिका, अंगणवाडी व शाळा गावीच राहतात. मुलांना शाळेसाठी मागे ठेवावे, तर सांभाळण्यास वडीलधारे माणूस लागते. बरोबर न्यावे, तर अभ्यास बुडतो. त्यावर उपाय म्हणून गावी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०१९ पासून देशभर विस्तारलेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे धान्य अन्यत्र उचलता येते, तसेच त्याचा काही भाग गावी राहिलेल्यांनाही घेता येतो. अंगणवाडीतील आहार व शिक्षण यांसाठी मात्र नव्या ठिकाणी स्वतंत्र नोंद लागते. ती होईपर्यंत कागदोपत्री अनेक योजनांचे लाभार्थी असलेले कुटुंब प्रत्यक्षात त्यांपैकी काहींपासून वंचित राहते.