नाक घुसवलं म्हणून जागा आपली होत नाही

ऑनलाइन रेसिंगमध्ये पहिल्या वळणावर पाच-सहा गाड्या एकमेकांवर आदळल्या की चॅटमध्ये तेच ते समर्थन वाचायला मिळतं: आतल्या बाजूला जागा होती, मी घुसलो, त्यानं दार लावलं, चूक त्याची. कुणी हरकत घेतली की फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेन्नाला साक्षीला आणलं जातं. समोर मोकळी जागा असताना जो ती घ्यायला जात नाही तो रेसिंग ड्रायव्हर उरलेला नसतो, अशा अर्थाचं सेन्नाचं वाक्य या खेळातल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते कधी आणि कशासाठी उच्चारलं गेलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. 21 ऑक्टोबर 1990 रोजी जपानमधल्या सुझुकाच्या पहिल्या वळणावर सेन्नाची गाडी अलेन प्रॉस्टच्या गाडीवर आदळली, दोघंही शर्यतीबाहेर गेले आणि त्या वर्षीचं विश्वविजेतेपद सेन्नाच्या नावावर झालं. दोन आठवड्यांनी ॲडलेडमध्ये जॅकी स्ट्युअर्टनं मुलाखतीत त्याला त्याच्या धडकांबद्दल थेट विचारलं, तेव्हा स्वतःच्या बचावासाठी आलेलं हे उत्तर आहे. पुढच्या वर्षी सुझुकातच तिसरं विजेतेपद मिळाल्यावर सेन्नानं पत्रकारांसमोर सांगून टाकलं की, सुरुवातीला प्रॉस्ट पुढे गेला तरी पहिल्या वळणावर आपण माघार घ्यायची नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. म्हणजे ओव्हरटेकिंगचा नियम म्हणून जे वाक्य मिरवलं जातं, ते एका ठरवून होऊ दिलेल्या धडकेचं समर्थन होतं. सेन्ना असामान्य ड्रायव्हर होता, याबद्दल वाद नाही. पण त्याचं हे वाक्य पुढे करून रोज रात्री अनोळखी माणसांच्या शर्यती मोडणाऱ्यांनी निदान हा इतिहास तरी वाचावा.

आता वाक्य बाजूला ठेवू आणि गणित मांडू, कारण वादाचा निकाल गणितातच आहे. समजा गाडी ताशी 200 किलोमीटरनं येते आहे आणि पुढचं वळण ताशी 100 किलोमीटरनंच घेता येतं. टायरची पकड गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दीडपट जोरानं ब्रेक लावू देते असं धरलं, तर वेग निम्म्यावर आणायला सुमारे 77 मीटर लागतात. मागचा ड्रायव्हर आत घुसायचं म्हणून फक्त दहा मीटर उशिरा ब्रेक लावतो. 200 च्या वेगात दहा मीटर म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळ, म्हणून ते क्षुल्लक वाटतं. पण वळणाच्या तोंडाशी त्याचा वेग 100 नसतो, जवळजवळ 118 असतो. वळायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याला आता सुमारे 39 टक्के जास्त पकड हवी आहे आणि ती टायरमध्ये नाही. ही गाडी वळणार नाही. ती सरळ बाहेरच्या कडेकडे जाणार आणि वाटेत जी गाडी असेल तिच्यावर टेकून वळणार. धडक झाली नसती तर हा ड्रायव्हर रेतीत गेला असता. त्याच्या ओव्हरटेकला भिंतीची गरज होती आणि ती भिंत म्हणून त्यानं दुसऱ्याची गाडी वापरली. आपण करतोय तो ओव्हरटेक आहे की नाही हे तपासण्याची साधी कसोटी यातूनच निघते: समोरची गाडी तिथे नसती, तर याच वेगानं मी हे वळण ट्रॅकवर राहून पूर्ण केलं असतं का?

इथे लगेच प्रतिवाद येतो की आपण आत पोहोचलो होतो, तरी त्यानं वळवली. पोहोचलो म्हणजे कधी आणि किती? मोटरस्पोर्टची जागतिक संघटना असलेल्या एफआयएनं 2025 मध्ये फॉर्म्युला वनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आतून ओव्हरटेक करणाऱ्याला जागेचा हक्क हवा असेल तर एपेक्सच्या, म्हणजे वळणातल्या सर्वांत आतल्या बिंदूच्या, आधी आणि एपेक्सवर त्याचा पुढचा आस निदान समोरच्या गाडीच्या आरशाच्या रेषेत असावा लागतो, असं त्यात म्हटलं आहे. हेही म्हटलं आहे की गाडी पूर्ण ताब्यात असावी, आत सूर मारलेला नसावा आणि वळण ट्रॅकच्या हद्दीत पूर्ण करता यावं. बाहेरून जाणाऱ्याची अट आणखी कडक आहे, एपेक्सवर त्याचा पुढचा आस समोरच्याच्या पुढच्या आसाच्याही पुढे हवा. हौशी लीग यापेक्षा थोडे वेगळे निकष लावतात, पण मुद्दा सगळीकडे एकच असतो. समोरचा स्टिअरिंग वळवतो त्या क्षणाआधी तुम्ही त्याच्या बाजूला असायला हवं, कारण त्यानंतर त्याच्या हातात काही उरत नाही. वळायचा निर्णय झालेला असतो, टायर पकडीच्या टोकावर असतात आणि एका मॉनिटरवर खेळणाऱ्याला बाजूचं काही दिसतही नसतं. त्या क्षणानंतर शेवटच्या पाव सेकंदात मागच्या चाकाशी नाक आणून ठेवणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवणं. फरक इतकाच की इथे सीटवर माणूस आधीच बसलेला असतो.

‘खऱ्या शर्यतींमध्येही धक्के मारतातच की’ हा यानंतरचा आक्षेप, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. टूरिंग कार आणि नॅसकारमध्ये बंपरला बंपर लागतो. पण तिथल्या ड्रायव्हरला धक्क्याचा हिशेब स्वतःच्या शरीरानं, संघाच्या पैशानं आणि स्टुअर्डच्या दंडानं चुकवावा लागतो. खेळात पहिले दोन हिशेब नाहीत. म्हणून नियम खेळात सैल नव्हे, अधिक काटेकोर हवेत. याचं सर्वांत बोलकं उदाहरण नॅसकारनंच पुरवलं आहे. 30 ऑक्टोबर 2022 रोजी मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेननं गिअर वर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि ॲक्सिलरेटर न सोडता भिंतीच्या आधारानं वळण घेत पाच गाड्या मागे टाकल्या. ही युक्ती लहानपणी गेमक्यूबवरच्या नॅसकारच्या खेळात शिकल्याचं त्यानं स्वतः सांगितलं. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पण जानेवारी 2023 मध्ये नॅसकारनं स्पष्ट केलं की यापुढे असं केल्यास सुरक्षेच्या नियमाखाली दंड होईल. भीती नसलेल्या जगात जन्मलेली चाल खऱ्या ट्रॅकवर आली, तेव्हा ती एकदा चालली आणि लगेच बंद झाली. खऱ्या शर्यतींचा दाखला द्यायचाच असेल तर हा संपूर्ण द्यावा.

धसमुसळेपणाला वेगाची जोड असते आणि सभ्य ड्रायव्हर संथ असतात, हा समजही याच मुळातून उगवलेला आहे. डाइव्हबॉम्ब टाकणारा, म्हणजे उशिरा ब्रेक लावून आत घुसणारा, वळणात रुंद जातो आणि बाहेर पडताना त्याला ॲक्सिलरेटर उशिरा देता येतो. ज्यानं थोडं मागे राहून आतून गाडी काढली, तो ताशी 100 ऐवजी 105 किलोमीटरनं सरळ रस्त्यावर आला, तर दहा सेकंदांत त्याला जवळपास तीन गाड्यांच्या लांबीचा फायदा होतो. अनुभवी ड्रायव्हर डाइव्हबॉम्ब येताना दिसला की त्याला खुशाल जाऊ देतात आणि बाहेर पडताना जागा परत घेतात. शिवाय दोघं भांडत बसले की पुढचा तिसरा दर वळणाला पळ काढतो. मागून येणाऱ्यानं लक्षात ठेवावं असं आणखी एक सत्य आहे: स्लिपस्ट्रीममध्ये हवेचा रोध कमी मिळतो आणि गाडी खाली दाबणारा जोरही घटतो. त्यामुळे एकट्यानं सराव करताना जिथे ब्रेक लावत होता, तिथेच दुसऱ्याच्या मागे लावला तर गाडी थांबणार नाही. पहिल्या फेरीतल्या कितीतरी धडका उद्दामपणामुळे होत नाहीत, या अज्ञानामुळे होतात, आणि हे अज्ञान एका संध्याकाळच्या सरावात दूर होऊ शकतं.

मग लॅगचं काय? पुण्या-मुंबईतून युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांकडून हे कारण वारंवार ऐकू येतं, म्हणून ते नीट पाहायला हवं. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर सुमारे 6500 किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ असती तरी एका बाजूचा प्रवास निदान 32 मिलिसेकंदांचा. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते आणि वाटेत उपकरणं असतात, त्यामुळे वेळ वाढतो. दुसऱ्या खेळाडूची गाडी तुमच्या पडद्यावर यायची तर त्याच्याकडून सर्व्हरपर्यंतचा वेळही त्यात मिळवावा लागतो. ताशी 200 च्या वेगात 100 मिलिसेकंद म्हणजे साडेपाच मीटर, एका जीटी 3 गाडीच्या लांबीहून जास्त. पण खेळ गाडी तितकी मागे दाखवत नाही. शेवटचा माहीत असलेला वेग आणि दिशा धरून ती आत्ता कुठे असेल याचा तो अंदाज बांधतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज जवळजवळ अचूक असतो. समोरच्यानं ब्रेक लावला किंवा वळवलं की तो चुकतो, पण किती? वर धरलेल्या ब्रेकच्या जोरानं 200 मिलिसेकंदांत पडणारा फरक सुमारे 30 सेंटिमीटरचा. म्हणजे चाकाला चाक लावून चालताना झालेल्या स्पर्शाचा दोष लॅगला देता येतो. 18 किलोमीटर जास्त वेगानं मागून ठोकल्याचा देता येत नाही. उलट, पिंग जास्त आहे हे ठाऊक असलेल्यानं बाजूला थोडी अधिक जागा ठेवायची असते.

‘चूक त्याची, मग पॉइंट मला का?’ ही तक्रारही जुनी आहे. 2008 पासून चालू असलेल्या आयरेसिंगमध्ये डांबरी ट्रॅकवर चाकं बाहेर गेली की एक पॉइंट, ताबा सुटला की दोन, दुसऱ्या गाडीशी जोरदार धडक झाली की चार, आणि दोष कुणाचा हे मोजलं जात नाही. एका शर्यतीपुरता हा अन्याय होऊ शकतो. पण या पॉइंटांवरून काढलं जाणारं सेफ्टी रेटिंग एका शर्यतीवर ठरत नाही, किती वळणांमागे किती प्रसंग घडले यावर ठरतं. शेकडो वळणांनंतर दुसऱ्यांच्या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्याच येतात, आणि रेटिंगमध्ये जो फरक उरतो तो आपल्या सवयींचा असतो. धोका ओळखून जागा सोडणं हीही त्यातलीच एक सवय.

बाकीचे समज थोडक्यात. बचाव करताना डावी-उजवीकडे हवं तितकं हलता येतं, हे खोटं आहे. एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेचं परिशिष्ट एल बचावासाठी एकदाच दिशा बदलू देतं आणि पुन्हा रेसिंग लाइनकडे येताना कडेला एका गाडीची जागा सोडायला सांगतं. निळा झेंडा दिसला की ताबडतोब ब्रेक दाबायचा, हेही खोटं आणि धोक्याचं आहे. आपली लाइन धरून अंदाज येईल असं चालवा आणि सरळ रस्त्यावर वाट द्या. शर्यत पहिल्या वळणावर जिंकता येते असं मानणाऱ्यांनी तिथून किती गाड्या मागे फिरतात ते पाहावं. शिष्टाचार आपोआप अंगवळणी पडतो, असंही नाही. म्हणून तर ग्रान टुरिस्मो 7 मध्ये स्पोर्ट मोडला बसण्याआधी त्यावरचे दोन व्हिडिओ पाहावेच लागतात. ‘खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक घटना: एप्रिल 2020 मध्ये आभासी ब्रिस्टलच्या शर्यतीतून नॅसकारचा ड्रायव्हर बबा वॉलेस रागानं मधेच उठून गेला आणि त्याच्या प्रायोजकानं त्याची साथ सोडली. आणि गाडी गरगर फिरून ट्रॅकवर आडवी थांबली, तर चटकन निघून जाणं शहाणपणाचं असतं, हा समज सर्वांत जास्त धडका घडवतो. ब्रेक पूर्ण दाबून जिथे आहात तिथेच थांबा, म्हणजे मागून येणाऱ्यांना कुठून निघायचं ते ठरवता येईल. शेवटची गाडी गेल्याची आरशात आणि नकाशावर खात्री झाली की कडेकडेनं वेग घ्या आणि मगच रेसिंग लाइनवर या.