गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर : आधी पारख, मग बदल

केसपुत्त नगरीतील कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला, त्याचे सार असे की, कोणी सांगितले म्हणून मानू नये. स्वतः तपासून मगच स्वीकारावे. हा विवेक विहारापुरता नाही. ज्यांचे पोट गाडीच्या चाकावर चालते, त्यांना तो रोज उपयोगी पडतो. म्हणून आम्ही येथे एका लहानशा दुरुस्तीची माहिती देत आहोत.

अनेक पेट्रोल मोटारींच्या गिअरबॉक्सवर स्पीड सेन्सर बसविलेला असतो. तो गाडीचा वेग मोजून इंजिनच्या संगणकाला व मीटरला कळवितो. काही नव्या मोटारींत हे काम चाकांजवळचे सेन्सर करतात. सेन्सर बिघडला की मीटरचा काटा शून्यावर राहतो किंवा उड्या मारतो, इंजिनचा इशारा-दिवा लागतो, कधी सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडते. मात्र सेन्सर चांगला असून त्याचा कपलर सडला असला, तरी हीच लक्षणे दिसतात. तपासणी न करता नवा सेन्सर आणणे म्हणजे कष्टाचे पैसे वाया घालविणे होय.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना अडण लावावी. गाडी उचलावी लागल्यास भक्कम स्टँड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये. सुटा भाग पुन्हा मिळतो, माणूस मिळत नाही.

कपलर काढून पाहावा. पिनांवर हिरवट गंज, पाणी किंवा तेल आहे का? पिना सैल आहेत का? तीन वायरच्या सेन्सरमध्ये सामान्यतः एक वायर पुरवठ्याची, एक अर्थची व एक संदेशाची असते. चावी ऑन करून मल्टिमीटरने कपलरमधील पुरवठा व अर्थ यांतील व्होल्टेज मोजावे. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ते ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास असते. ते मिळाले नाही, तर दोष फ्यूज, वायरिंग वा कपलरमध्ये शोधावा.

सेन्सरच सदोष ठरला, तर चावी बंद करून बॅटरीची ऋण वायर काढावी. गिअरबॉक्समध्ये माती जाऊ नये म्हणून भोवतालची जागा पुसावी. बोल्ट सोडून सेन्सर हलके फिरवीत ओढावा. जुनी ओ-रिंग आत राहिली नाही ना, ते पाहावे. नव्या ओ-रिंगला गिअर ऑइल लावून सेन्सर हाताने बसवावा, ठोकू नये. बोल्ट बेताने आवळावा.

कपलर बदलताना एका वेळी एकच वायर कापावी, म्हणजे अदलाबदल होत नाही. रंग जुळले नाहीत, तर पिनेची जागा प्रमाण मानावी. सर्व जोड एकाच ठिकाणी न घेता थोडे पुढे-मागे घ्यावेत. हीट श्रिंक स्लीव्ह आधी वायरीत ओवून, मग जोड क्रिंप करावा व स्लीव्ह तापवून घट्ट करावी. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर उष्णतेने व तेलाने लवकर सुटते.

शेवटी ऑइलची पातळी पाहावी, स्कॅनरने जुना दोष-संकेत पुसावा व मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून मीटर तपासावे. ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सच्या आत असतो. ते काम कुशल कारागिराकडेच द्यावे.

आयटीआयच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे इतकेच की, पाना हाती घेण्यापूर्वी कारण शोधण्याची सवय लावा. भाग बदलणारे पुष्कळ असतात; दोष ओळखणाऱ्याला काम शोधत फिरावे लागत नाही.