किंचेम

किंचेम : (१७ मार्च १८७४–१७ मार्च १८८७). शर्यतींच्या इतिहासात अपराजित राहिलेली सुप्रसिद्ध हंगेरियन थरोब्रेड घोडी. १८७६ ते १८७९ या चार हंगामांत ती ५४ शर्यतींत उतरली आणि त्या सर्व तिने जिंकल्या. प्वेर्तो रीकोतील कामारेरो या घोड्याने १९५३–५५ या काळात लागोपाठ ५६ शर्यती जिंकल्या. परंतु पुढे त्याला हार पत्करावी लागली. कारकीर्दीच्या अखेरपर्यंत एकदाही न हरता इतके विजय मिळविणारा दुसरा थरोब्रेड घोडा झालेला नाही. हंगेरियन भाषेत ‘किंचेम’ म्हणजे ‘माझा ठेवा’.

थरोब्रेड ही जात इंग्लंडमध्ये निर्माण झाली. ऑस्ट्रियन साम्राज्यात उत्तम घोडे पैदा व्हावेत म्हणून किशबेर येथे १८५३ मध्ये सरकारी अश्वपैदास केंद्र स्थापन झाले व तेथे इंग्लंडहून नामांकित वळू घोडे आणण्यात आले. त्यांपैकी बक्कनीअर याच्या किशबेर नावाच्याच शिंगराने १८७६ मध्ये इंग्लंडची डर्बी जिंकली, यावरून या प्रयत्नांचे यश लक्षात येते. किंचेमचा जन्म याच केंद्रातला. तिचा पिता कँबस्कन हा इंग्लिश वळू व माता वॉटरनिंफ. तिचे मालक एर्नो ब्लास्कोविच हे हंगेरियन जमीनदार होते. ब्लास्कोविच यांनी आपली वर्षाची शिंगरे विकावयास काढली असता खरेदीदाराने दोन नापसंत केली व त्यांतच किंचेम होती, असे सांगतात. अंगाने लांबट, गडद तांबूस वर्णाची आणि दिसावयास सुस्त अशी ही घोडी प्रथमदर्शनी कोणाच्या नजरेत भरण्यासारखी नव्हती, हे मात्र तत्कालीन वर्णनांतूनही आढळते.

रॉबर्ट हेस्प या इंग्रज प्रशिक्षकाने तिला तयार केले. दोन वर्षांची असताना ती बर्लिन येथे प्रथम धावली आणि त्या हंगामात तिने दहा शर्यती जिंकल्या. पुढील तीन हंगामांत अनुक्रमे १७, १५ व १२ विजय तिच्या नावे जमा झाले. आकड्यांपेक्षाही त्यांमागील वैविध्य महत्त्वाचे आहे. साधारणपणे शर्यतीचा घोडा विशिष्ट अंतरासाठीच योग्य ठरतो. जवळच्या अंतराचा वेगवान घोडा लांबच्या अंतरात दमतो. किंचेमने सु. ९५० मी. पासून ४,२०० मी. पर्यंतची सर्व अंतरे जिंकली. वजनपद्धतीच्या शर्यतींत बलवान घोड्यावर अधिक वजन लादले जाते. तिच्यावर ७५ किग्रॅ. हून अधिक वजन आले, तरी निकाल बदलला नाही. काही शर्यतींत प्रतिस्पर्धीच न उतरल्याने ती एकटीच धावली, हेही नमूद केले पाहिजे. आगगाडीने शेकडो किमी. प्रवास करून ती एका देशातून दुसऱ्या देशात जाई व उतरताच धावे. त्या काळच्या घोड्यांना ही दगदग सहसा मानवत नसे.

१८७७ मध्ये तिने ऑस्ट्रियन डर्बी जिंकली. १८७८ चा उन्हाळा हा तिच्या कारकीर्दीचा कळस होय. १ ऑगस्ट रोजी इंग्लंडमधील गुडवुड चषकाच्या शर्यतीत तिने पॅजंट व लेडी गोलाइटली यांना मागे टाकले. त्याच महिन्यात तिने फ्रान्समधील दोव्हील येथे ग्रां प्री जिंकली. तेथून ती जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे आली. तेथील मोठ्या पारितोषिकाच्या शर्यतीत ‘प्रिन्स जाइल्स द फर्स्ट’ या घोड्याने तिच्याशी बरोबरी साधली. नियमाप्रमाणे दोघांना त्याच दिवशी पुन्हा धावविण्यात आले व या वेळी किंचेम पाच घोड्यांच्या लांबीच्या अंतराने पुढे राहिली. तिचा निर्विवाद लौकिक धोक्यात आला, तो एवढा एकच प्रसंग. जॉकी मॅडन त्या दिवशी दारूच्या अमलाखाली होता, अशी वदंता आहे. पण लागोपाठच्या प्रवासाचा शीण हे कारणही पुरेसे वाटते. १८७७, १८७८ व १८७९ अशी तीन वर्षे हे पारितोषिक तिच्याकडेच राहिले.

तिच्याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. आवडते मांजर सोबत असल्याशिवाय ती गाडीत चढत नसे. थंडीत उघड्यावर झोपलेल्या मोतद्दाराच्या अंगावर तिने आपली झूल टाकली आणि त्या मोतद्दाराने पुढे ‘किंचेम’ हेच आडनाव लावले, असे म्हणतात. या कथांत भर किती पडली हे ठरविणे कठीण. तरी परकीय मैदाने गाजविणारी ही घोडी हंगेरियन जनतेच्या राष्ट्रीय अभिमानाचा विषय कशी झाली, हे त्यांवरून दिसते. बुडापेस्टच्या शर्यतींच्या मैदानाला तिचे नाव देण्यात आले असून तिचा सांगाडा तेथील कृषी संग्रहालयात जतन केलेला आहे.

तबेल्यातील दुसऱ्या घोड्याशी झालेल्या झटापटीत पायाला इजा झाल्याने तिची शर्यतींतून निवृत्ती झाली आणि ती पैदाशीकडे वळविली गेली. नामांकित वळूची शिंगरे शेकडोंनी मोजली जातात. घोडीचा गर्भकाल सु. अकरा महिन्यांचा असल्यामुळे तिला वर्षाला फार तर एकच शिंगरू होते. त्यातून किंचेम तेराव्या वाढदिवशीच पोटशुळाने मरण पावली. (प्रशिक्षक हेस्प यांचेही त्यानंतर काही आठवड्यांतच निधन झाले.) तिची शिंगरे अवघी पाच : बक्कनीअरपासून झालेल्या बुदाद्यंद्ये व ओयान निंच या माद्या आणि ताल्प्रा माग्यार हा नर, इंग्लंडच्या १८७३ च्या डर्बीचा विजेता डॉन्कॅस्टर याच्यापासून झालेला किंच ओर हा नर व किंच ही मादी. बुदाद्यंद्ये हिने १८८५ ची जर्मन डर्बी जिंकली. मातेसारखे अपराजित मात्र कोणीही राहिले नाही. वेग, दम व स्वभाव यांचा जो मेळ किंचेममध्ये जुळून आला होता, तो एका पिढीत पुन्हा जुळणे संभवनीयही नव्हते.

थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळीत मातृवंशाला क्रमांक देण्याची पद्धत ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने रूढ केली. तीनुसार किंचेम चौथ्या कुलातील होय. पेशीतील तंतुकणिकांमधील आनुवंशिक द्रव्य केवळ मातेकडून येते, हे पुढे सिद्ध झाल्याने अशा मातृकुलांची पडताळणी आता प्रयोगशाळेतही करता येते. दोन महायुद्धांत मध्य यूरोपातील अनेक पैदासकेंद्रे उद्ध्वस्त झाली व पुष्कळ वंशावळी तेथेच संपल्या. किंचेमचा वंश तिच्या मुलींच्या द्वारे टिकून राहिला आणि हंगेरीबाहेरही पसरला. पॉलिगमी ही तिच्या वंशातील घोडी; तिने १९७४ मध्ये, किंचेमच्या जन्मानंतर शंभर वर्षांनी, इंग्लंडची ओक्स शर्यत जिंकली.