आशेच्या होडीला शंकेखोर सुतार

मुलांनो, असं समजा की उद्या शाळेची सहल आहे आणि आज संध्याकाळीच आभाळ गच्च भरून आलंय. ओट्यावर तीन मित्र बसले आहेत. पहिला म्हणतो, "छे रे, कसला पाऊस येतोय! उद्या बघ, लख्ख ऊन पडेल." दुसरा म्हणतो, "संपलं सगळं! सहल रद्दच होणार. आपलं नशीबच फुटकं." तिसरा काही न बोलता उठतो, घरात जातो आणि पिशवीत छत्री, टॉवेल नि एक जादा सदरा भरून ठेवतो.

पहिला आशावादी, दुसरा निराशावादी आणि तिसरा वास्तववादी. शब्द जड वाटले तरी घाबरू नका. सगळं चांगलंच होणार असं धरून चालतो तो आशावादी, वाईटच होणार असं धरून बसतो तो निराशावादी, आणि 'आत्ता नेमकं काय आहे?' हे आधी बघतो तो वास्तववादी.

तुम्ही लगेच म्हणाल, "मग त्यात काय अवघड आहे? तिसऱ्यासारखं वागायचं, झालं!" पण गोष्ट इतकी सोपी नाही बरं का! हे तिघे आपल्या प्रत्येकाच्या मनात एकत्रच राहतात. कुणाचं केव्हा ऐकायचं, हीच खरी मेख आहे. ती समजावी म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. अगदी खरी.

बर्फात रुतलेलं जहाज

अर्नेस्ट शॅकल्टन नावाचा एक धाडसी दर्यावर्दी होता. अंटार्क्टिका खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पायी ओलांडायचा, असं त्याचं स्वप्न होतं. त्याच्या जहाजाचं नाव एन्ड्युरन्स, म्हणजे तग धरण्याची ताकद. १९१४ च्या नोव्हेंबरात ते साउथ जॉर्जिया बेटावर पोचलं. तिथल्या देवमासे पकडणाऱ्या खलाशांनी बजावलं, "यंदा समुद्रात बर्फ फार आहे." शॅकल्टननं महिनाभर वाट पाहिली आणि ५ डिसेंबर १९१४ ला जहाज दक्षिणेकडे हाकारलं.

खलाशांचं म्हणणं खरं ठरलं. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात असं अडकलं, की पुढे सरकेना नि मागेही येईना. दहा महिने ते बर्फाबरोबर वाहत राहिलं. अखेर बर्फाच्या दाबाखाली त्याच्या फळ्या कडाकडा मोडू लागल्या. २७ ऑक्टोबरला सगळे जहाज सोडून बर्फावर उतरले आणि २१ नोव्हेंबर १९१५ ला जहाज बुडालं. समुद्रावर तरंगणारा बर्फ, त्यावर तंबू, तीन छोट्या होड्या आणि अठ्ठावीस माणसं, एवढंच काय ते उरलं. ते कुठे आहेत हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शॅकल्टन स्वभावानं पक्का आशावादी, पण त्या वेळी त्यानं काय केलं पाहा. 'खंड ओलांडायचा' हे इतक्या वर्षांचं स्वप्न त्यानं सोडून दिलं. आता एकच काम होतं, सगळ्यांना जिवंत घरी न्यायचं. जहाज परत वर येईल, अशी खोटी आशा त्यानं कुणाला दाखवली नाही. पण 'आता आपण मरणार' असंही तो म्हणाला नाही. जे गेलं ते गेलं हे मान्य केलं आणि जे उरलं त्यातून वाट काढायला लागला.

बर्फावरून ओझं ओढायचं होतं. म्हणून प्रत्येकानं स्वतःच्या वस्तू एक किलोहून कमीच ठेवायच्या, असा हुकूम निघाला. शॅकल्टननं स्वतःची सोन्याची नाणी बर्फावर फेकून दिली. पण हसी नावाच्या सोबत्याचा सुमारे साडेपाच किलोंचा बँजो मात्र त्यानं आग्रहानं बरोबर घ्यायला लावला! संध्याकाळी गाणी झाली की माणसांची मनं ताजी राहतात, हे त्याला ठाऊक होतं. सोनं निरुपयोगी आणि बाजा गरजेचा, हा हिशेब त्यानं किती अचूक केला!

कुरकुऱ्या सुतार

या अठ्ठावीस जणांत हॅरी मॅकनिश नावाचा जहाजाचा सुतार होता. माणूस तापट आणि फटकळ. 'हे जमायचं नाही' हे तोंडावर सांगायला तो कचरायचा नाही. त्याचं एक लाडकं मांजर होतं, मिसेस चिप्पी. नाव बाईचं, पण होता बोका! जहाज सोडताना, बर्फावर जगू शकणार नाहीत अशा प्राण्यांना मारावं लागलं, त्यात तो बोकाही गेला. मॅकनिश हे कधी विसरला नाही.

डिसेंबरात शॅकल्टननं होड्या ओढत जमिनीच्या दिशेनं कूच करायचं ठरवलं. ऑक्टोबरात असाच एक प्रयत्न झाला होता, तेव्हा तीन दिवसांत जेमतेम तीन किलोमीटर अंतर कापलं गेलं होतं. आताही बर्फ उंचसखल आणि भुसभुशीत. मॅकनिशला वाटत होतं, अशा खेचाखेचीत होड्या मोडतील आणि होड्या मोडल्या तर सगळंच संपलं. एके दिवशी तो अडून बसला, "मी पुढे येणार नाही!" शॅकल्टन संतापला. त्यानं सर्वांसमोर नियम वाचून दाखवले आणि सुताराला पुढे यावं लागलं. पण दोनच दिवसांत शॅकल्टनला स्वतःलाही ती चाल थांबवावी लागली. बर्फच वाटेनासा झाला होता!

म्हणजे कुरकुर करणाऱ्याचं म्हणणं चूकच असतं असं नाही. बोलायची वेळ नि रीत चुकली असेल, पण होड्यांची काळजी खरीच होती.

एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटला. होड्यांत बसून, थंडी-वाऱ्याशी झुंजत सगळे १५ एप्रिलला एलिफंट नावाच्या बेटावर पोचले. सोळा महिन्यांनी पायाखाली जमीन आली. पण ते बेट निर्जन, तिकडून कुठलंच जहाज जात नसे. मदत आणायला कुणीतरी जायलाच हवं होतं. तेही साउथ जॉर्जियाला, म्हणजे सुमारे १३०० किलोमीटर दूर. आणि होडी केवढी, तर सात मीटरसुद्धा लांब नाही!

आता आशावादी पुढाऱ्यानं कुणाला हाक मारली असेल? त्याच कुरकुऱ्या सुताराला! "ही होडी समुद्रात टिकेल अशी करता येईल का?" मॅकनिशनं आधी विचारलं, "मलाही बरोबर नेणार का?" 'हो' म्हटल्यावर तो खूश झाला आणि कामाला लागला. घसरगाड्यांच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणं नि कॅनव्हासचं जाड कापड यांचं त्यानं होडीवर छप्पर केलं. फळ्यांच्या फटी बुजवायला दिव्याच्या वाती, मोहिमेतल्या चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त वापरलं. 'पाणी आत शिरणारच' असं धरून चालणारा माणूसच अशी होडी बनवू शकतो, नाही का?

मी परत आलो नाही तर...

२४ एप्रिल १९१६ ला सहा जण निघाले. निघण्याआधी शॅकल्टननं मागे राहणाऱ्या बावीस जणांच्या प्रमुखाला, फ्रँक वाइल्डला, सांगून ठेवलं, "वसंत ऋतू येईपर्यंत मदत आली नाही, तर तुम्ही डिसेप्शन बेटाकडे जायचा प्रयत्न करा." 'मी येणारच' हा विश्वास मनात ठेवूनही त्यानं 'नाही आलो तर' याचा बेत आखला होता. होडीत शिधा घेतला तो चार आठवड्यांपुरताच. तेवढ्या दिवसांत पोचलो नाही, तर जास्तीच्या शिध्याचा उपयोग नाही, हे त्याला उमगलं होतं.

होडीचा वाटाड्या होता फ्रँक वर्सली. सूर्याची उंची मोजून आपण कुठे आहोत, याचं तो गणित करी. पण आभाळ सदा झाकलेलं. सगळ्या प्रवासात त्याला सूर्य जेमतेम चार वेळा मोजता आला. नुसत्या आशेवर भरवसा ठेवला असता, तर एवढ्या अफाट समुद्रात ते इवलंसं बेट कधीच सापडलं नसतं. १० मे १९१६ ला होडी साउथ जॉर्जियाला लागली. पण माणसांची वस्ती होती बेटाच्या पलीकडच्या अंगाला! मग शॅकल्टन, वर्सली आणि टॉम क्रीन हे तिघे बर्फाळ डोंगर तुडवत सुमारे छत्तीस तास चालले. पाय घसरू नयेत म्हणून त्यांच्या बुटांच्या तळव्यांना होडीतले स्क्रू ठोकले होते. २० मे रोजी ते वस्तीवर पोचले.

रोज सकाळी बिछाने गुंडाळा

इकडे एलिफंट बेटावर बावीस जण दोन होड्या उपड्या करून त्यांच्याखाली राहत होते. एका तरुणाच्या पायाची बोटं हिमदंशानं सडली. ती डॉक्टरांनी तिथेच कापली. अशा जागी माणसाची उमेद कशी टिकायची? वाइल्ड रोज सकाळी सर्वांना सांगायचा, "चला, बिछाने गुंडाळा. साहेब कदाचित आजच येतील!" एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार महिन्यांवर!

पण याची दुसरी बाजूही ऐका. ऑर्ड-लीस नावाचा कोठार सांभाळणारा मनुष्य होता. त्याला सदा अन्नाची चिंता. तो म्हणे, "मदत लवकर आली नाही तर? सील आणि पेंग्विनचं मांस जास्त साठवू या." वाइल्डला वाटे, फार साठवलं तर माणसं समजतील की आता कुणी येतच नाही, आणि ती खचतील. साठा थोडाच झाला. ऑगस्टमध्ये अन्न संपत आलं, तेव्हा माणसं सीलची जुनी हाडं उकडू लागली, शिंपल्या नि समुद्रातलं शेवाळ खाऊ लागली. इथे शंकेखोराचं ऐकलं असतं, तर बरं झालं असतं.

शॅकल्टनचे सुटकेचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले. चौथ्या वेळी चिली देशाचं येल्चो हे छोटं जहाज घेऊन तो ३० ऑगस्ट १९१६ ला बेटावर पोचला. बर्फ केव्हा परत वेढा घालील याचा नेम नव्हता. तासाभरात सगळे जहाजावर चढले. बिछाने गुंडाळायची सवय होतीच ना! एन्ड्युरन्सवरचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण जिवंत परतले. खंडाच्या दुसऱ्या टोकाला याच मोहिमेची दुसरी तुकडी होती, तिच्यातले तिघे मात्र दगावले.

ज्याच्या हातांनी ती होडी तगली, त्या मॅकनिशला पुढे मोहिमेचं ध्रुवीय पदक मिळालं नाही. बर्फावरचं भांडण नडलं. त्याची कबर न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला आहे. २००४ मध्ये तिथे त्याच्या लाडक्या बोक्याचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. आणि बुडालेलं एन्ड्युरन्स जहाज मार्च २०२२ मध्ये सुमारे ३००० मीटर खोल सापडलं.

मग कोण बरोबर?

आता सांगा, या गोष्टीत बरोबर कोण होतं? नुसते मॅकनिश असते, तर होडी निघालीच नसती. नुसते वाइल्ड असते, तर होडी गळकीच निघाली असती. आशा आपल्याला निघायला लावते, शंका होडीला छप्पर करायला लावते आणि वास्तवाचं भान आपण नेमके कुठे आहोत ते सांगतं. हे तिन्ही लागतात. फक्त आशेचं 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' होऊ द्यायचं नाही आणि शंकेची रडगाणी होऊ द्यायची नाहीत.

आपल्याकडचंच बघा ना! ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ मधलं विक्रम यान चंद्रावर आदळलं. आपल्या शास्त्रज्ञांनी 'आपल्याला जमायचं नाही' म्हटलं नाही आणि 'पुढच्या वेळी आपोआप जमेल' असंही म्हटलं नाही. 'काय काय बिघडू शकतं?' याची यादी करून त्यांनी नवं यान घडवलं. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं आणि उतरायची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीऐवजी चार किलोमीटर लांब नि सुमारे अडीच किलोमीटर रुंद धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ अलगद उतरलं. इतकी बारकाईनं शंका घ्यायलासुद्धा मनात मोठी आशा लागते.

थोडं पालकांशीही बोलते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मूल म्हणतं, "मला गणित येणारच नाही." आपण पटकन म्हणतो, "असं अभद्र बोलू नये, सगळं छान होईल!" मुलाची शंका त्यानं जात नाही, ती फक्त आत दडते. त्याऐवजी शांतपणे विचारावं, "नेमकं काय येत नाही? भागाकार की अपूर्णांक?" 'गणित येत नाही' हे भलंमोठं भूत. 'अपूर्णांकांची बेरीज येत नाही' हे संध्याकाळभराचं काम. आणि जे मूल "सगळं येतंय!" म्हणून हुंदडतं, त्याला रागावण्यापेक्षा दोन गणितं सोडवून दाखवायला सांगावं. ते स्वतःच जमिनीवर येईल.

मुलांनो, आता तुमचं काम. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, 'मला काय करायचंय?' दुसऱ्यात, 'त्यात काय काय बिघडू शकेल?' आणि तिसऱ्यात, 'त्यासाठी मी आजच काय करीन?' स्नेहसंमेलनातलं नाटक असो, पोहायला शिकणं असो की परीक्षा असो, तिन्ही रकाने भरल्याशिवाय उठायचं नाही. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर वर्गातल्या एखाद्या कुरकुऱ्या मित्राला विचारा, तो चुटकीसरशी भरून देईल! पण तिसरा रकाना मात्र तुमचा तुम्हीच भरायचा.