टोल्युइनने निवडलेलं

सी-60, म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ पिंजरा; त्याच्या शोधाला 2025 मध्ये 40 वर्षं झाली. त्यानिमित्त आलेले बरेच लेख वाचले. त्याच 1985 मध्ये, त्याच राइस विद्यापीठात, लँथॅनमचा अणू पोटात घेतलेल्या सी-60 चीही चाहूल लागली होती, याचा उल्लेख त्यांतल्या एकातही दिसला नाही. मनाला लागलं.

पुढची पाच वर्षं वस्तुमान-आलेखावरच्या रेघांचीच. 1990 मध्ये क्रॅचमर आणि हफमन यांनी ग्राफाइटच्या काजळीतून बेंझीनने सी-60 विरघळवून काढून हातात दिला, आणि खरं काम सुरू झालं. 1991 मध्ये राइसच्याच स्मॉली यांच्या गटाने लँथॅनम ऑक्साइड मिसळलेल्या ग्राफाइटवर लेझर मारला. काजळीत धातूवाला सी-60 होता, पण टोल्युइनमध्ये उतरला तो धातूवाला सी-82.

ते दशक मी सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणाशेजारी काढलं. त्याच्या थिंबलमध्ये, म्हणजे गाळणीच्या नळकांड्यात, काजळी भरायची, खाली टोल्युइन उकळत ठेवायचं. नळीतून ओघळणारा द्रव आधी गडद, मग चहासारखा, मग जवळजवळ पाणी. तिथे बहुतेक जण थांबत. खरं तर तोच गाळ पिरिडीनमध्ये किंवा डीएमएफमध्ये घातला की पुन्हा काळसर तपकिरी अर्क सुटायचा. धातू आपले इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन बसतो, रेणू ध्रुवीय होतो, म्हणून असली द्रावकं त्याला ओढतात. एवढं करूनही हाती येणार काजळीच्या टक्काभराहून कमी, तेही रेणू वेगळे करणाऱ्या एचपीएलसीच्या स्तंभातून पुन्हा पुन्हा फिरवून. 1993 मध्ये जपानी गटांनी असे रेणू वेगळे काढून दाखवले, ही कमाई चिकाटीची होती.

आणि तरी ‘सी-60 मध्ये धातू टिकत नाही’ असं सर्रास बोललं जायचं. टिकत होता! पिंजरा इतका क्रियाशील की शेजाऱ्याला चिकटून काजळीतच अडकायचा. 1996 मध्ये कुबोझोनो यांच्या गटाने ॲनिलिन वापरून इट्रियमपासून गॅडोलिनियमपर्यंतचे धातूवाले सी-60 बाहेर काढले. मी होतो त्या प्रयोगशाळेत मात्र उरलेली काजळी कचऱ्यातच जात राहिली. विचारलं तर उत्तर मिळे, त्यात काही नसतं. रचना सोडवणाऱ्याचं नाव शीर्षकाखाली, अर्क काढणाऱ्याचं आभारात, हा न्यायही तेव्हाचाच.

1999 मध्ये तीन स्कँडियम आणि एक नायट्रोजन पोटात घेतलेला सी-80 आला. टोल्युइनमध्ये विरघळणारा, भरपूर मिळणारा. सगळे तिकडे वळले. त्यानंतरची दहा-बारा वर्षं त्याच वाटेवरची आहेत, सांगण्यासारखं थोडं.

2013 मध्ये नागोयाच्या शिनोहारा यांच्या गटाने काजळी तयार करणाऱ्या विद्युत्-प्रज्योतीजवळ टेफ्लॉन ठेवलं. त्यातून सुटलेले फ्लोरिनयुक्त गट पिंजऱ्यांना बाहेरून जोडले गेले, चिकटणं थांबलं, आणि अडकून राहणारे ते रेणू टोल्युइनमध्ये उतरले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं आहे: अर्क काढून झाल्यावर थिंबलमधला गाळ फेकू नका. बाटलीत भरा, तारीख आणि द्रावकाचं नाव लिहा, आणि दुसरं द्रावक लावून बघा.