मेषेचा आरंभ कुठून?

5 ऑगस्टला जन्मलेल्या माणसाला मोबाइलवरचे ॲप सांगते, तुझी रास सिंह. घरातल्या पत्रिकेत मात्र सूर्य कर्केत बसलेला असतो. आणि आई म्हणते, काहीतरीच, तुझी रास तूळ. पुरवणीतले भविष्य ती लेकासाठी तुळेचेच वाचत आलेली असते. गंमत अशी, की तिघांचेही गणित बरोबर असते. आईची रास चंद्राची. जन्मवेळी चंद्र जिथे, ती आपली रास, ही आपल्याकडची रीत. जन्मतारखेवरून वृत्तपत्रांत भविष्य सांगण्याची चाल विलायतेतली. 1930 साली लंडनच्या ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये आर. एच. नेलर यांनी राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त लेख लिहिला, तिथून ती फोफावली. ते बाजूला ठेवू. ॲप आणि पत्रिका दोन्ही सूर्याबद्दलच बोलत आहेत. सूर्य एक, क्षण एक, मग राशी दोन कशा?

सूर्य वर्षभरात ज्या मार्गाने फिरताना दिसतो, त्या क्रांतिवृत्ताचे 30-30 अंशांचे बारा भाग म्हणजे राशी. इथवर कुणाचे भांडण नाही. भांडण आहे ते पहिला भाग कुठून मोजायचा यावर. सायनवाले मोजतात वसंतसंपातापासून, म्हणजे 20-21 मार्चला दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून. निरयनवाले मोजतात ताऱ्यांतल्या एका ठरलेल्या जागेपासून. हे दोन्ही बिंदू एकेकाळी एकत्र होते. पण सूर्य-चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो आणि त्यामुळे संपात ताऱ्यांमधून मागे सरकत राहतो: वर्षाला सुमारे 50 विकला, 72 वर्षांत एक अंश, पूर्ण फेरीला जवळजवळ 26 हजार वर्षे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिषी हिपार्कसला हे उमगले ते चित्रा ताऱ्याचे स्थान जुन्या नोंदींशी ताडून पाहताना. हा तारा लक्षात ठेवा, तो पुढे महाराष्ट्रात मोठा वाद घालणार आहे.

या दोन आरंभांमधले अंतर म्हणजे अयनांश. प्रचलित मापाने आज ते 24 अंशांहून थोडे अधिक आहे. रास 30 अंशांची, म्हणजे पद्धत बदलली की दर पाच जणांपैकी चौघांची सूर्यरास बदलते. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात संपातापासून मोजायचे ठरवले आणि पश्चिमेकडचे फलज्योतिष त्याच वाटेने गेले. आपल्याकडे पंचांगाचा सांगाडा 27 नक्षत्रांचा. चंद्र रोज कुठल्या नक्षत्रात आहे हे डोळ्यांनी दिसते, तेव्हा ताऱ्यांना धरून राहणे ओघानेच आले. अयन, म्हणजे उत्तरायण-दक्षिणायनाचा आरंभबिंदू, सरकते हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. जुन्या ग्रंथांत अयनांची जागा वेगळी सांगितली आहे आणि आता ती कर्क-मकरेच्या आरंभी दिसते, हे वराहमिहिराने नोंदवून ठेवले आहे.

निरयनाच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा असा, की आमच्या राशी खऱ्या आकाशातल्या, त्यांच्या नुसत्या कागदावरच्या. हा अर्धाच खरा आहे. आकाशातले तारकासमूह काही 30 अंशांचे नेमके तुकडे नाहीत. खगोलशास्त्रज्ञांनी आखलेल्या हद्दी घेतल्या तर सूर्य कन्येत दीड महिना रेंगाळतो, वृश्चिकेत जेमतेम आठवडा असतो आणि मग भुजंगधारीत शिरतो, ज्याच्या नावाची रास रूढ ज्योतिषात नाही. बारा समान घरे हा दोन्हीकडचा मानवी हिशेबच.

सायनाला निदान आरंभ शोधावा लागत नाही. दिवस-रात्र समान कधी होतात ते सूर्यच सांगतो. निरयन म्हटले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: तारा कोणता? यावरच एकोणिसाव्या शतकात मराठी पंचांगकर्त्यांचे रणकंदन झाले.

सुरुवात केरो लक्ष्मण छत्रे यांनी केली. पंचांगगणिताच्या जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनात, म्हणून 1865 च्या सुमारास त्यांनी आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग काढले. आबासाहेब पटवर्धनांनी त्याला पाठबळ दिले, म्हणून ते पटवर्धनी. छत्र्यांनी आरंभ धरला रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून (मुख्य ताऱ्यापासून), म्हणजे पाश्चात्त्य ज्याला झीटा पिशियम म्हणतात तिथून. डेक्कन कॉलेजातले त्यांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक. संपात कधीकाळी मृगात होता, यावरून वेदांचा काळ ठरवणारा ‘ओरायन’ टिळकांनी 1893 साली प्रसिद्ध केला आणि पंचांगाच्या वादात ते रेवतीच्या बाजूने उभे राहिले. समोर होते बागलकोटच्या शाळेत शिकवणारे गणिती व्यंकटेश बापूजी केतकर. त्यांचा कौल चित्रेला.

भांडणाचे मूळ खुद्द ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या ज्योतिषग्रंथात आहे. त्याच्या आकड्यांनुसार रेवती जवळजवळ शून्यावर आणि चित्रा बरोबर 180 अंशांवर. प्रत्यक्षात या दोन ताऱ्यांत 184 अंशांचे अंतर आहे. एकाला खरे मानले की दुसरा खोटा पडतो. चित्रा ठसठशीत, शहरातूनही दिसणारी. रेवतीचा तारा इतका मंद, की काळोख्या गावातही तो शोधावा लागतो. चार अंशांचा हा फरक आजही कोकणात आणि पुण्यात काही घरांत नांदतो. रेवती धरणारे टिळक पंचांग पाळणाऱ्यांची मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. नेमकी त्या चार दिवसांत अमावास्या पडली तर अधिक मास वेगवेगळा येतो आणि एकाच आळीतल्या दोन घरांचे गणपती महिन्याच्या अंतराने बसतात.

तिसरा पक्ष होता तो विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा. त्यांनी सरळ सायन पंचांगच छापले. सण ऋतूंचे आहेत. ताऱ्यांना बांधले तर हजारो वर्षांनी गुढीपाडवा पावसाळ्यात जाईल, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो आजही बिनतोड वाटतो. लोकांनी मात्र तो स्वीकारला नाही.

निकाल लागला तो सरकारी समितीत. 1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे अभ्यासक दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर तिच्यात होते. समितीने 21 मार्च 1956 चा अयनांश 23 अंश 15 कला धरला, म्हणजे चित्रापक्ष मान्य झाला. सचिव निर्मलचंद्र लाहिरी यांचे नाव त्याला चिकटले आणि आज बहुतेक संगणक पत्रिका त्यावरच काढतात. गंमत म्हणजे याच समितीच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन आहे. राजपत्रासाठी एक आकाश आणि पत्रिकेसाठी दुसरे.

खरे तर आपले पंचांगही दोन्ही डगरींवर हात ठेवून असते. 21-22 डिसेंबरला त्यात सायन मकर आणि उत्तरायणारंभ छापलेला असतो. तीळगूळ आपण 14-15 जानेवारीला वाटतो. ही तारीखही स्थिर नाही. 12 जानेवारी 1863 रोजी विवेकानंदांचा जन्म झाला, तेव्हा संक्रांत होती. हाच हिशेब मागे नेला, तर 14 जानेवारी 1761 ला, पानिपतावर लढाई झाली त्या दिवशी, संक्रांत तीन-चार दिवसांपूर्वीच होऊन गेलेली असणार. मराठी माणसाच्या डोक्यातून ‘संक्रांतीचे पानिपत’ निघणे कठीण, पण गणित असे आहे. मृग नक्षत्राचेही तेच. 7-8 जूनला सूर्य मृगात जातो आणि कोकणात पाऊस येतो, हा आजच्या काळातला योग. पाऊस ऋतूचा, म्हणजे सायन, नक्षत्र ताऱ्यांचे. दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल, तेव्हा पंचांगातले नक्षत्राचे वाहन बेडूक असो की म्हैस, पेरणी कधीच उरकलेली असेल.

भविष्य पाहणाऱ्याने मग काय निवडावे? ज्योतिषी सांगतात, ज्याचा अनुभव येतो ते. हा निकष किती टिकतो ते पाहू. विंशोत्तरी महादशा, म्हणजे ग्रहांच्या नावे पाडलेले आयुष्याचे टप्पे, चंद्राच्या नक्षत्रातल्या जागेवरून काढतात. नक्षत्र 13 अंश 20 कलांचे; त्यात चार अंश म्हणजे तीन-दशांश भाग. शुक्राची महादशा 20 वर्षांची, म्हणजे चित्रा सोडून रेवती धरली की दशा सहा वर्षांनी सरकते. ज्योतिषी रामन यांचा अयनांश घेतला तर दोन वर्षांहून अधिक. कृष्णमूर्ती पद्धतीचा फरक अवघ्या सहा कलांचा, तरी पावणेदोन महिने. प्रत्येक पद्धतीचे जाणकार आपापले अनुभव तितक्याच खात्रीने सांगतात. पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने 2008 साली चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखायच्या होत्या. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली 46 टक्के. नाणेफेकीने पन्नास आली असती.

तेव्हा मला विचाराल, तर ऋतू, सण आणि शेतीसाठी सायन हाच प्रामाणिक हिशेब. चंद्र आज कुठल्या ताऱ्याशेजारी आहे ते पाहायचे तर निरयन. फलज्योतिषासाठी निवड करायला लागणारा पुरावा कुठल्याच बाजूकडे नाही. मात्र जिथे या निवडीची किंमत दुसरेच कुणी मोजते, तिथे ती माहीत असावी. लग्नाच्या बाजारात मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट म्हणून अजूनही परत पाठवली जाते. चंद्र मूळ नक्षत्राच्या शेवटच्या चार अंशांत असताना, म्हणजे साधारण सात तासांत, जन्मलेली मुलगी चित्रापक्षाच्या दाते पंचांगाने मूळ नक्षत्राची आणि टिळक पंचांगाने पूर्वाषाढेची. त्याच्या आधीच्या नक्षत्राच्या शेवटी जन्मलेली दात्यांच्या हिशेबाने ज्येष्ठेची, टिळकांच्या हिशेबाने मुळाची. स्थळ नाकारणाऱ्यांना अयनांश कोणता धरला, हे विचारून पाहा. बहुतेकांना तो शब्दही ठाऊक नसतो, पत्रिका सॉफ्टवेअरने काढलेली असते.